बंपरपुरतं हवामान

मे महिना लागला की नागपुरात गुलमोहर फुलतो आणि त्याच सुमारास घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाडीच्या डॅशबोर्डचे फोटो यायला लागतात. फोटोची घडण ठरलेली असते. खाली स्टीअरिंगचा काळा काठ, बाजूला चिकटवलेला गणपती, काचेवर उन्हाचा पांढरा चट्टा आणि मधोमध निळसर आकडे: ४८°. कोणी फारच उत्साही असेल तर तो फोनमध्येच त्या आकड्याभोवती लाल गोल काढतो. मजकूर मोजका असतो. ‘वर्धा रोड, दुपारी अडीच.’ पुढचं आकडाच बोलतो.

मग ग्रुपला जाग येते. अकोल्याच्या मामांच्या गाडीत ४९ असतात. अमरावतीचा आतेभाऊ कालचा फोटो हुडकून ४९.५ टाकतो, अर्धा अंशसुद्धा दाखवणारी गाडी आपण घेतली आहे, हेही त्यात जाता जाता सांगून होतं. तेवढ्यात चंद्रपूरची आत्या एक अक्षर न लिहिता ५१ चा फोटो टाकते आणि विषय संपतो. उन्हाच्या बाबतीत चंद्रपूरकरांशी वाद घालायचा नसतो, एवढं शहाणपण विदर्भात सगळ्यांना असतं. नेमके अशा वेळी पुण्याचे भाऊजी ‘आमच्याकडेही यंदा फारच आहे’ असं म्हणत ४१ चा फोटो टाकतात. त्यांना कोणी काही बोलत नाही. जावई आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर येतो. पहिल्या पानावर कोपऱ्यात कमाल तापमानाचा तक्ता असतो आणि त्यात नागपूरपुढे लिहिलेलं असतं ४३.८. दशांशचिन्हाचा एक दरारा असतो. नुसते ४४ छापले असते तर भांडता आलं असतं, ४३.८ शी कोण भांडणार? तरी घरात कुरबुर सुरू होतेच. काल आपण ४८ सोसले आणि आज खात्यावर ४३.८ च जमा झालेत, मग मधले चार अंश गेले कुठे? वडीलधाऱ्यांचा निर्वाळा तयार असतो. सरकार खरा आकडा बाहेर येऊच देत नाही. ५० झाले की म्हणे सगळ्यांना सुट्टी द्यावी लागते, म्हणून काटा ४९ वरच धरून ठेवतात. कोणता कायदा, कसली सुट्टी, हे मात्र कधी कोणी सांगितलं नाही. लहानपणापासून मी ही कथा ऐकतो आहे आणि तेव्हापासून एकदाही सुट्टी मिळालेली नाही, म्हणजे कथा खरीच असली पाहिजे असा तिच्या बाजूने पुरावाही दिला जातो.

गाडीची बाजूही ऐकून घ्यावी म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी मी मिस्त्रीला म्हटलं, ‘हा बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर कुठे असतो, दाखवता का?’ समोरचा बंपर उतरवलेलाच होता. ग्रिलच्या मागे आणि एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, एका क्लिपमध्ये अडकवलेला पेरभर लांबीचा काळा बोंडा लटकत होता. मागून दोन बारीक तारा निघालेल्या. मिस्त्रीने त्यावरची माती आणि चिकटलेल्या चिलटांचा थर अंगठ्याने पुसला.

‘हाच न भाऊ तो.’

‘बिघडला आहे का? चार-पाच अंश जास्त सांगतो.’

‘बिघडला नाही. जिथं बसून राहिला, तिथलं सांगून राहिला.’

‘मग नवा बसवायचा का?’

‘बसवून देतो न. पण नवा भी तिथंच बसन.’

एवढं बोलून तो ब्रेककडे वळला. हवामान मोजण्याच्या शास्त्रातला निम्मा भाग त्याने तेवढ्यात सांगून टाकला होता.

त्या बोंड्यात थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, गार झाला की वाढतो आणि गाडीतला छोटा संगणक त्या रोधावरून अंश काढतो. हा हिशोब सहसा चुकत नाही. अडचण आहे ती जागेची. लग्नाच्या हॉलमध्ये एखाद्या पाहुण्याला भटारखान्याच्या दाराशी खुर्ची मिळावी आणि आपण त्यालाच विचारावं, ‘काय, हॉल गार आहे ना?’ असा हा प्रकार आहे. बिचाऱ्याच्या पाठीशी कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, त्यामागे इंजिन. खाली हातभर अंतरावर डांबर, जे मेच्या दुपारी सहज साठी ओलांडतं. समोर पुढच्या गाडीचा सायलेन्सर. एवढ्या गराड्यात बसून तो ४८ सांगत असेल, तर तो संयमानेच बोलतो आहे असं म्हणायला हवं.

गाडी धावायला लागली की त्याला जरा बरं वाटतं. समोरून ताजी हवा येते, इंजिनाची ऊब मागे ढकलली जाते आणि आकडा खऱ्याच्या जवळ सरकतो. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगमर्यादेत चाललं की तो उतरतो. गावात शिरून सीताबर्डीला व्हरायटी चौकात सिग्नलला अडकलं की पुन्हा चढायच्या बेतात असतो. गाड्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत अशी तजवीज केलेली असते की, गाडी उभी असेल किंवा रांगत असेल तर चढता आकडा दाखवायचाच नाही, जुनाच धरून ठेवायचा. वेग पकडून थोडा वेळ गेला की मग नवा पुढे करायचा. उतरता आकडा मात्र लगेच दाखवायचा. पण गाडी तासन्‌तास उन्हात उभी असली तर सुरू करताना ती काय धरून ठेवणार? जे दिसेल ते सांगून मोकळी होते. त्यामुळे लग्नाच्या लॉनबाहेर पश्चिमेकडे तोंड करून उभी ठेवलेली गाडी, वऱ्हाडी जेवून परत आल्यावर पहिल्या झटक्यात जो आकडा दाखवते, तो फोटोसाठी सर्वोत्तम. जाणकार माणसं सीटबेल्टही न लावता आधी फोन काढतात.

चढता आकडा उशिरा आणि उतरता ताबडतोब, असा दुजाभाव का, तर हे यंत्र मुळात उन्हाळ्यासाठी नाहीच. आपोआप चालणाऱ्या एसीला त्याचा उपयोग होतो ते खरं. पण चालकाच्या डोळ्यांसमोर तो आकडा ठेवण्यामागे थंड देशांतली काळजी आहे. तिथे पारा तीन-चार अंशांवर उतरला की गाडी टिंग करते आणि पडद्यावर हिमाचं फूल उमटतं: रस्ता निसरडा असू शकतो, जपून. शून्यापर्यंत थांबत नाहीत, कारण हवा तीन अंशांवर असताना पुलावरच्या रस्त्याचा पृष्ठभाग गोठलेला असू शकतो. याचं घरगुती प्रात्यक्षिक महाबळेश्वरला मिळतं. दर हिवाळ्यात वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, जीपच्या टपावरचा पांढरा थर खरवडणाऱ्या पर्यटकांचे फोटो छापून येतात, आणि त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा शून्याच्या चांगला वर असतो. दोन्ही खरं असतं. निरभ्र रात्री गवत आणि जीपचा पत्रा आपली उष्णता आभाळाकडे सोडून देतात आणि वरच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात. टपाचं हवामान वेगळं, माणसाच्या छातीच्या उंचीवरचं वेगळं.

नागपूरच्या माणसाला ते हिमाचं फूल जन्मात दिसायचं नाही, असं मला वाटायचं. पण आमच्या धाकट्या काकांना ते दिसलं, तेही ऐन नवतप्यात. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हाचे, साधारण २५ मेपासूनचे ते नऊ दिवस, ज्यांत विदर्भातलं कुत्रंही सावली सोडत नाही. काका गाडीत बसले, चावी फिरवली, आणि गाडीने सांगितलं: बाहेर उणे ४०. टिंग. फूल. एसीने थंडी ओळखून काम थांबवलं. काका घामाने निथळत होते आणि गाडी त्यांना रस्त्यावर बर्फ असू शकतो म्हणून जपून चालवायला सांगत होती.

एसीवाल्याने गॅस तपासला, कॉम्प्रेसर तपासला, दोन्ही ठणठणीत. शेवटी बंपरमागे हात घातल्यावर कळलं की त्या बोंड्याची तार उंदराने कुरतडली होती. तार तुटली की रोध अनंत झाला. रोध जितका जास्त तितकी थंडी जास्त, हा गाडीचा हिशोब. तेव्हा तिच्या पट्टीवरची सगळ्यात खालची थंडी तिने जाहीर केली. इतक्या थंडीत एसीचा कॉम्प्रेसर फिरवला तर त्याला इजा होईल म्हणून तोही बंद ठेवला. तर्कात कुठे म्हणजे कुठे खोट नाही. शिवाय उणे ४० हा एकच आकडा असा आहे की तिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींना भेटतात, म्हणजे उंदराने निवडलेला आकडा जगात कुठेही भाषांतराशिवाय चालला असता. काकांनी फोटो ग्रुपवर टाकला. चंद्रपूरच्या आत्याला पहिल्यांदाच उत्तर सुचलं नाही.

आता पेपरातल्या ४३.८ कडे वळू. हा आकडा राहतो कुठे? पांढऱ्या रंगाच्या एका लाकडी पेटीत. तिच्या चारी बाजूंना झिलमिली, म्हणजे वारा आत खेळेल पण ऊन शिरणार नाही. छप्पर दुहेरी. आतला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. आपल्याकडे पेटीचं दार उत्तरेला, कारण दार उघडताना सूर्याने डोकावू नये. शक्यतो मोकळं मैदान, भिंती आणि डांबर दूर. ही पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश माणसाने योजली. त्याचा धंदा दीपस्तंभ बांधण्याचा. त्याचा मुलगा रॉबर्ट लुई पुढे साहसकथा लिहून बापापेक्षा कितीतरी प्रसिद्ध झाला. पण रोज सकाळी जगभरच्या वर्तमानपत्रांत काम दिसतं ते बापाचंच. आता पुष्कळ ठिकाणी स्वयंचलित यंत्रं आली, लाकडाच्या जागी पांढऱ्या थाळ्यांची उतरंड आली, पण तत्त्व तेच. तापमापकाला ऊन लागू द्यायचं नाही. ऊन लागलं की तो हवेबद्दल बोलायचं सोडून स्वतःबद्दल बोलायला लागतो. हा दोष माणसांतही आढळतो, पण माणसाला झिलमिलीच्या पेटीत ठेवता येत नाही.

ही पेटी म्हणजे जगाने एकमताने ठरवलेली सावली. नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर तीच, नॉर्वेत तीच. म्हणून तिथले आणि इथले अंश एकमेकांशेजारी मांडता येतात. भारतीय हवामान विभाग १८७५ पासून ही मांडणी करत आला आहे. या खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला हललं आणि पुढे दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला सिमला ऑफिस म्हणायची सवय काही गेली नाही. भर मे महिन्यात रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ सांगून बसणारं शहर ते. भाऊजी ४१ चा फोटो निःसंकोचपणे का टाकतात, याचा थोडा उलगडा इथे होतो.

शास्त्र म्हणून या पेटीला तोड नाही. तक्रार एवढीच की त्या सावलीत कोणी राहत नाही. आणि पेटीतल्या आकड्यावर पुढचे सगळे निवाडे अवलंबून असतात. सपाट प्रदेशात पारा निदान ४० वर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, किंवा सरळ ४५ ला टेकला, तर उष्णतेची लाट; ४७ ला टेकला तर तीव्र लाट. आता नागपुरात मेअखेरची सरासरीच ४३ च्या आसपास असते. तिच्यावर साडेचार अंश चढायचे म्हणजे चेष्टा नाही. म्हणून ४३.८ हा आकडा खात्याच्या भाषेत ‘सामान्य’ ठरतो आणि गाडीचे ४८ तीव्र लाटेत मोडतात. ‘सामान्य’ हा शेरा वाचून नागपूरकराला जो राग येतो तो आकड्याचा नसतो. काल दुपारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून आपण बँकेत गेलो आणि जिवंत परत आलो, याची नोंद ‘सामान्य’ अशी व्हावी, हे त्याला खुपतं. सोसलेल्याची पावती हवी असते. ती गाडी देते.

बरं, पेटीवाले तरी कधी चुकत नाहीत असं थोडंच आहे? लिबियातल्या अल अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश नोंदले गेले आणि जगातलं सर्वाधिक तापमान म्हणून ते नव्वद वर्षं पुस्तकांत राहिलं. शाळेत पाठ करून आम्ही त्यावर गुण मिळवले आहेत. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ते रद्द केलं. चौकशीत निघालं ते असं की, त्या दिवशीचा नोंद करणारा माणूस नवखा असावा, तापमापकातल्या दर्शकाचं चुकीचं टोक त्याने वाचलं असावं, त्यात सातेक अंशांचा फरक पडला असावा. शिवाय तापमापक ज्या जमिनीवर होता ती वाळवंटाच्या मातीपेक्षा डांबराशी नातं सांगणारी होती. म्हणजे जागतिक विक्रमामागेही शेवटी डांबरच निघालं. आता मान आहे तो कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या ५६.७ अंशांचा, १० जुलै १९१३ चा. भारतापुरता राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चे ५१.

आणि जवळचंच उदाहरण हवं असेल तर २०२४ चा मे आठवावा. २९ तारखेला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवले. देशाचा विक्रम मोडल्याची बातमी झाली. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या एका केंद्राने ५६ दाखवले. ५६! त्या संध्याकाळी नागपुरात जो उत्साह होता तो मी विसरणार नाही. लोक कूलरपुढे बसून एकमेकांना फोन करत होते. इतक्या वर्षांचं म्हणणं एका यंत्राने सरकारी शिक्क्यानिशी मान्य केलं होतं. चंद्रपूरची आत्या गप्प होती. मग हवामान विभागाने सांगितलं की नागपूरच्या त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता, शहरातल्या इतर केंद्रांवर ४४ च्या आसपास होते. मुंगेशपूरच्या सेन्सरमध्येही तीन अंशांची चूक निघाली. आमच्या ग्रुपवर ही दुसरी बातमी कोणी टाकली नाही. वाचली सगळ्यांनी होती.

फरक इतकाच की पेटी चुकली तर समिती बसते, खुलासा निघतो, विक्रम रद्द होतो. गाडीवर समिती बसत नाही. तिच्यात बसतात ते आपण, आणि आपल्याला चौकशी नकोच असते.

खरं तर गाडीत बसून आपण कितीतरी गोष्टी अशाच मुकाट्याने मान्य करतो. वेगाचा काटा घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही. जास्त दाखवण्याची मुभा दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतकी आहे. म्हणजे गाडी खरोखर ८० ने चालली असताना काटा ९२ म्हणाला तरी तो कायद्याने निर्दोष. इंजिनाच्या तापमानाचा काटा पुष्कळ गाड्यांत मुद्दामच सुस्त ठेवलेला असतो. आतलं पाणी बरंच खाली-वर झालं तरी तो मधल्या खुणेवर डुलकी काढत राहतो, कारण तो जरासा हलला की मालक घाबरून गॅरेज गाठतो. डाव्या आरशावर तर लिहिलेलंच असतं की, दिसतं त्यापेक्षा सगळं जवळ आहे. इतक्या गोड समजुतीने चाललेल्या संसारात एकट्या तापमानाने तेवढं काटेकोर असावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

त्यातून गाडीचा आकडा अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. कुठे किती आहे हे विचारू नये. किती बदललं ते विचारावं. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागा आणि पडद्यावर नजर ठेवा. चढण सातशेक मीटरची. किलोमीटरभर उंचीला साधारण साडेसहा अंश, हा हवेचा ठरलेला दर. म्हणजे वर पोहोचेपर्यंत साडेचारेक अंश उतरायला हवेत. आणि ते उतरतात. एकेका वळणाला एक आकडा गळतो, मागच्या सीटवरची पोरं मोठमोठ्याने मोजतात, आणि कोणीतरी काच खाली करायची सूचना करतं. खाली दाखवलेले ४६ ही चूक होती आणि वर दाखवलेले ४१ हीसुद्धा चूकच; पण दोन्ही चुका एकाच मापाच्या असल्यामुळे मधला फरक खणखणीत निघतो. पहिल्या वळवाच्या सरीलाही तो असाच इमानदारीने उतरतो, आणि त्या वेळी ग्रुपवर जे फोटो येतात त्यांत कमीत कमी आकड्याची चढाओढ असते. अर्ध्या तासात चंद्रपूर पुन्हा पहिलं येतं.

आमचा एक मावसभाऊ कॅनडात विनिपेगला असतो. जन्म नागपूरचाच, त्यामुळे आकड्याची आवड पक्की. जानेवारीत तो गाडीतून उणे २७ चा फोटो टाकतो आणि खाली हळहळतो, ‘रेडिओवर उणे ३१ सांगितलं होतं.’ त्याची कुचंबणा समजण्याजोगी आहे. बंपरमागच्या बोंड्याला इंजिनाची ऊब लागली की त्याची चूक एकाच दिशेला होते, गरमीच्या. उन्हाळ्यात ती आम्हाला चार अंश पदरचे घालून देते आणि हिवाळ्यात त्याच्या हक्काचे चार अंश कापून घेते. त्यावर त्याने उपाय काढला आहे. तो आता वाऱ्याचा हिशोब धरून ‘अंगाला लागणारी थंडी’ लिहितो, जी उणे ४२ पर्यंत सहज जाते. आमच्याकडे फोन दमटपणा धरून ‘अंगाला लागणारी गरमी’ सांगतो, पण विदर्भाची मेमधली हवा इतकी कोरडी की त्यातून वर काही हाती लागत नाही. मुंबईची मंडळी मात्र त्यावर गबर आहेत. सांताक्रूझला ३४ असताना ती ४२ चा दावा करतात, आणि घाम पाहता तो नाकारता येत नाही.

एकूण प्रत्येकाचा आकडा त्याच्या त्याच्या जागेपुरता खरा. पेटीचा पेटीपुरता, बोंड्याचा बंपरपुरता, टपाचा टपापुरता. राहता राहिला माणूस. आणि इथे त्या डॅशबोर्डच्या फोटोतली एक गंमत कोणाच्या फारशी लक्षात येत नाही. बाहेर ४८ असं सांगणाऱ्या आकड्याच्या खालीच, बारक्या अक्षरांत, एसीचा आकडा असतो: २२. म्हणजे साक्ष देणारा माणूस घटनास्थळी हजरच नाही. तो काचेआड, गाणी लावून, थंड हवेच्या झोतात बसलेला आहे. ज्याच्या डोक्यावर ऊन आहे त्याच्यापुढे आकडा नाही आणि ज्याच्यापुढे आकडा आहे त्याच्या डोक्यावर ऊन नाही. मोठा आकडा तोच अभिमानाने मिरवतो ज्याला तो सोसावा लागत नाही. चंद्रपूरच्या आत्यासकट आम्ही सगळे त्यातलेच.

हे मला नीट कळलं ते सिग्नलवर. नागपुरात उन्हाळ्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, काही ठिकाणी थांबणाऱ्यांसाठी वर हिरवी जाळी बांधतात. ज्या चौकात यांपैकी काहीच नव्हतं, तिथे मी थांबलो होतो. शेजारी एक स्कूटर येऊन उभी राहिली. चालवणारा डोक्यापासून गळ्यापर्यंत पंच्यात गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. मागे पाण्याचे दोन जार बांधलेले. त्याने काचेवर बोटाने टकटक केलं. मी काच खाली केली तशी एक झळ आत आली.

‘भाऊ, किती दाखवून राहिली गाडी?’

मी पडद्याकडे पाहिलं आणि मला मनातून जरा आनंदच झाला. ‘४९,’ मी म्हणालो.

त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा वर आभाळाकडे पाहिलं आणि स्कूटरचा कान पिळत म्हणाला,

‘बस, एवढंच? दाखवून घ्या न एकदा कोणाला. कमी सांगून राहिली.’